कंसाबाहेरचा नमस्कार

आमच्या शाळेत बाकी सगळ्या मॅडम होत्या, गणिताच्या तेवढ्या बाई. शहरातल्या लष्कर नावाच्या भागातल्या त्या मुलींच्या शाळेत निम्म्याहून जास्त पोरी हिंदी बोलणाऱ्या, पण त्याही त्यांना 'बाईजी' म्हणायच्या. बाईंच्या वर्गात शिरलं की आधी नजरेत भरायची ती खुर्ची, कारण तिच्यावर कधीच कोणी बसलेलं नसायचं. तिच्यावर वह्यांचा गठ्ठा असायचा. एकदा शिपायाने कौतुकाने नवी गादीची खुर्ची आणून ठेवली, तर बाईंनी जुन्या खुर्चीवरच्या वह्या उचलून नव्या खुर्चीवर ठेवल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं. पोरींच्या चुका वाहून त्या दमतात बिचाऱ्या."

स्वतः बाई उभ्या. पहिल्या तासापासून शेवटच्या घंटेपर्यंत उभ्या. वह्या तपासायच्या त्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून, उभ्यानेच. लग्नाला गेल्या तरी मांडवाच्या खांबाशी उभ्या. लोक खुर्ची पुढे करायचे, बाई तिच्यावर आपली पर्स ठेवायच्या. आम्ही मुली पैजा लावायचो की बाई घरी तरी बसतात की नाही. एका मुलीचं ठाम मत होतं की झोपतात पण उभ्यानेच.

त्यांची दुसरी खोड पायांची. पायाला हात लावू द्यायच्या नाहीत. गुरुपौर्णिमेला पोरी फुलं घेऊन रांग लावायच्या. बाकीच्या मॅडम पाय जुळवून उभ्या राहत आणि डोक्यावर हात ठेवत. बाई मात्र कबड्डीत कोणी अंगावर यावं तशा मागे मागे सरकत टेबलाच्या आड जायच्या. "वाकायचं काही काम नाही. गणिताला नमस्कार चालत नाही, त्याला रीत लागते," असं त्या तिथूनच सांगायच्या. एका वर्षी मी टेबलाखालून जायचा बेत केला होता. माझी वेणी खिळ्याला अडकली आणि ती सोडवताना बाईंनी मला सतराचा पाढा म्हणायला लावला.

रीत हा त्यांचा जपाचा शब्द होता. "उत्तर चुकलं तर चालेल, रीत चुकायला नको." "पायरी गाळू नको." आणि उत्तर आलं म्हणून आपण खूश झालो की, "ताळा कर. ताळा केल्याशिवाय खरं मानू नको."

मी शेवटच्या बाकावरची. गणितात इतकी कच्ची की घरी प्रगतिपुस्तक दाखवताना मी आधी मराठीचे मार्क वाचून दाखवायची. सातवीत असताना एकदा मला एक साधं अपूर्णांकाचं उदाहरण येईना. मधली सुट्टी झाली, वर्ग रिकामा झाला. बाई माझ्या बाकाशी येऊन उभ्या राहिल्या. सांगत काही नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या. मी खोडायची, पुन्हा मांडायची. डब्यातल्या पोळ्या तशाच राहिल्या, माझ्याही आणि त्यांच्याही. सुट्टी संपायच्या घंटेला उत्तर आलं. मी धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही बसत का नाही?" त्या म्हणाल्या, "बसलं की शेवटच्या बाकावरचा चेहरा दिसत नाही." इतकंच बोलून त्या पुढच्या तासाला गेल्या.

मी पुढे फिजिओथेरपिस्ट झाले. गणित न लागणारा रस्ता शोधला असं मी थट्टेने सांगते, पण ते फारसं खोटं नाही.

दवाखान्यात बाई आल्या तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली, आणि बाईंना निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झालेली. बाहेरच्या खोलीत सहा खुर्च्या रिकाम्या होत्या आणि एक म्हातारी भिंतीशी उभी होती. चेहरा बघायच्या आधीच मी ओळखलं. डाव्या पायात पांढरा मोजा होता आणि घोट्याच्या वर तो ओला झालेला होता.

मोजा काढला. खाली जुन्या सुती साडीच्या पट्ट्या होत्या, कडक इस्त्रीच्या. त्यांच्या खाली पोटरीवर निळ्या-जांभळ्या शिरा दोरखंडासारख्या उठलेल्या, घोट्याभोवतीची कातडी काळपट आणि आतल्या बाजूला रुपयाएवढी उघडी जखम. "किती दिवस झाले?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "होळीच्या आधीपासून." तेव्हा आषाढ चालू होता. मला राग आला. मला राग फार लवकर येतो आणि माया वाटली की आणखी लवकर येतो.

पायातलं रक्त वर चढवण्याचं काम पोटरी करते. आपण चालतो तेव्हा ती आवळते, सैल होते, आणि रक्त पंपाने चढावं तसं वर जातं. नुसतं उभं राहिलं की पंप बंद. शिरांमधल्या बारीक झडपा वर्षानुवर्षं तो भार पेलतात आणि एक दिवस सैल पडतात. मग रक्त खालीच साचतं, पाय सुजतो, कातडी फुटते आणि भरून येत नाही. पट्टी बांधता बांधता मी हे बाईंना समजावत होते आणि मनात मात्र ती मधली सुट्टी आली. त्या शिरांत एक अख्खी सुट्टी माझ्या नावाची होती.

रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांनी तपासणी केली. गुठळी नव्हती. घट्ट पट्टी बांधायची, रोज चालायचं, तासन् तास उभं राहणं बंद, आणि दिवसातून तीन-चार वेळा पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडायचं, असं त्यांनी सांगितलं. मी स्कूटीवर बाईंना दाना ओली नावाच्या गल्लीतल्या त्यांच्या घरी सोडलं. दोन खोल्या, पुढे ओसरी, ओसरीवर फळा. तिथे रोज संध्याकाळी गल्लीतली दहा-बारा पोरं शिकायला यायची. बाई फी म्हणून फक्त खडू घ्यायच्या. पोरं पाटणकर बाजारातून एकेक डबी आणायची.

"आता खाटेवर पडा आणि उशीवर पाय घ्या," मी म्हटलं. बाई खोलीच्या मधोमध उभ्या राहून विचार करू लागल्या.

"पूर्वेला देव आहेत," त्या म्हणाल्या. "तिकडे पाय होणार नाहीत. उत्तरेला पुस्तकांचं कपाट. पश्चिमेला दार, येणाऱ्या माणसाला आधी माझे तळवे दिसणार. दक्षिणेला पाय करून मेल्यावर ठेवतात, त्याला अजून वेळ आहे. राहिलं छत. छताकडे पाय करायला मी काय वटवाघूळ आहे?"

मी हसले, पण बाई हसत नव्हत्या. पुस्तकाला चुकून पाय लागला तर आपण सगळेच त्याला हात लावून कपाळाला लावतो. बाईंच्या लेखी पुस्तक, देव, माणूस, वही, खडू यांत काही फरकच नव्हता. खडूचा तुकडा पायाखाली आला तरी त्या नमस्कार करायच्या. उंच पाय करून पडणं त्यांच्याच्याने झालं नाही, आणि त्यांनी मला खोटंही सांगितलं नाही. रोज फोनवर विचारलं की, "नाही जमलं."

त्यांच्या मुलाचा बंगळूरहून फोन आला. भला माणूस. "ताई, मी तर किती वेळा बोललो तिला, माझ्याकडे चल म्हणून. ऐकतच नाही ना. एकटी आहे, पाय असा झालाय, उद्या घसरली-बिसरली तर काय करणार? मी दिवाळीला येतोय. तोपर्यंत जखम भरली तर ठीक, नाही तर या वेळी घर बंद करून तिला घेऊनच जाईन. तिलापण सांगून टाकलंय." त्याचं काहीच चूक नव्हतं. पण बाईंना त्या ओसरीवरून उचलून त्याच्या चौदाव्या मजल्यावरच्या घरात नेऊन ठेवायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं. बाईंनाही कळत होतं. त्यांनी मला एकच विचारलं, "दिवाळीला किती दिवस आहेत?" उत्तर त्यांना माहीत असणारच.

आमच्या दवाखान्यात तेव्हा नुकतंच एक छोटं यंत्र आलं होतं. मनगटी घड्याळाएवढं, गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला चिकटवायचं. तिथे एक मज्जातंतू कातडीच्या अगदी जवळून जातो. यंत्र त्याला सेकंदाला एकदा बारीकशी टिचकी मारतं. दुखत नाही, पण पाऊल आपोआप वर उडतं, पोटरी आवळते आणि बंद पडलेला पंप बसल्या बसल्या चालू होतो. पाय उंच करायची गरज नाही, दिशा बघायची गरज नाही. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पट्टीच्या जोडीला जरूर लावा, रोज चार-पाच तास.

बाई त्यांच्या ओसरीवरच्या खुर्चीवर बसल्या. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बसलेलं पाहिलं. वह्यांचा गठ्ठा खाली कुठे ठेवायचा म्हणून त्यांनी तो मांडीवर घेतला होता. मी समोर जमिनीवर बसून यंत्र चिकटवलं आणि बटण दाबलं. पाऊल टुणकन उडालं आणि अंगठा माझ्या गुडघ्याला लागला. बाई झटकन वाकल्या, माझ्या गुडघ्याला हात लावून तो कपाळाला लावला. तेवढ्यात पुढचा सेकंद आला, पाऊल पुन्हा उडालं, पुन्हा लागलं. बाई पुन्हा वाकल्या. असे सहा नमस्कार झाले, मांडीवरच्या वह्या सगळ्या खाली सांडल्या, मग त्या वह्यांनाही पाय लागला. मी हसून हसून बाजूला सरकले. "आता नाही लागणार," म्हटलं. मला वाटलं, प्रश्न मिटला.

यंत्राचं नाव त्यांनी 'मॉनिटर' ठेवलं. वर्गात बाई नसल्या तरी मॉनिटर कोणाला स्वस्थ बसू देत नाही, म्हणून. रोज सकाळी दर्पण कॉलनीतल्या माझ्या घरून निघून मी आधी दाना ओलीत जायची, पट्टी बदलायची, यंत्र चिकटवून द्यायची. यंत्र चालू-बंद करायचं बटण बाईंच्या हाताशी असायचं.

सहा आठवडे गेले आणि जखम होती तेवढीच. डॉक्टरांनी पट्टी बघितली, बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "यंत्र लावताय ना?" "लावतो," बाई म्हणाल्या. त्यात खोटं काही नव्हतं. लावत तर होत्याच. मी रात्रभर त्या यंत्राच्या माहितीपत्रकाला शिव्या घातल्या. गणपती येऊन गेले होते, आणि बाईंनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर दिवाळीभोवती पेन्सिलीने एक चौकोन काढून ठेवला होता.

एका संध्याकाळी काही कामाने मी अवेळी गेले. ओसरीवर पोरं बसली होती, बाई फळ्याशी उभ्या. उभ्या! पाऊल स्वस्थ. मी काही बोलणार तेवढ्यात चौथीतली एक चुणचुणीत मुलगी मला म्हणाली, "दीदी, बाईजी तो रोज हमाए आते ही मशीन बंद कर देती हैं."

पोरं घरी जाईपर्यंत मी दात ओठ खात थांबले. मग सुटले. "बाई, तुम्ही मशीन बंद करून देता?"

"'बंद करून देता' नाही. 'बंद करता'."

"बरं, बंद करता! का?"

बाई फळा पुसायला वळल्या. "समोर पोरं बसलेली असतात. शिकायला आलेली. त्यांच्याकडे मी पाय झाडत बसू?"

"त्यांना लागतो का तो? ती बसतात चार हात लांब!"

"न लागता लागतो," बाई म्हणाल्या. "आणि सकाळीही दूधवाला येतो, शेजारीण येते. कोणी ना कोणी समोर असतंच. प्रत्येक वेळी नमस्कार करायला माझी ना नाही. पण सेकंदाला एक. तासाला किती झाले?"

माझं वय बेचाळीस. मी सवयीने ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "तीन हजार सहाशे."

"बरोबर," बाई म्हणाल्या. त्यांच्याकडून पहिल्या झटक्यात 'बरोबर' ऐकण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. "तीन हजार सहाशे नमस्कार करून शिकवायचं कधी?"

मला रडू यायला लागलं होतं. "आणि पाय नाही भरला तर कोणाला शिकवणार? चौदाव्या मजल्यावर कोण येणार आहे खडूची डबी घेऊन?"

बाईंचा हात डस्टरसकट फळ्यावर तसाच थांबला होता. फळ्यावर अजून आठवीच्या पोरांचं बीजगणित होतं. तीन पदं, प्रत्येक पदात पाच, आणि खालच्या ओळीत तो पाच सगळ्यांतून काढून एकदाच बाहेर मांडलेला, उरलेलं आत. याच एका प्रकाराच्या उदाहरणांवर मी सबंध आठवी रडले होते. मी त्यांच्या हातातला डस्टर घेतला, खडू उचलला आणि फळ्याच्या रिकाम्या कोपऱ्यात लिहायला लागले. नमस्कार गुणिले पहिलं पोर, अधिक नमस्कार गुणिले दुसरं पोर, अधिक नमस्कार गुणिले तिसरं पोर. पुढे दूधवाला आणि शेजारीण. प्रत्येक पदात नमस्कार आहेच. मग खालच्या ओळीत नमस्कार एकदाच लिहिला, कंस उघडला आणि सगळ्यांना आत बसवलं.

"प्रत्येकात आहे तो एकदाच बाहेर काढायचा," मी म्हटलं. "मग तो आतल्या सगळ्यांना लागू होतो. तुम्हीच शिकवलंय. सुरुवातीला एक नमस्कार करा, बाई. मनापासून. मग दिवसभर पाय कितीही उडू दे."

बाईंनी एकेक पद बोटाने तपासलं.

"रीत बरोबर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "कंस पुरा कर."

मी कंस बंद करायला विसरले होते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम संध्याकाळी गेले. बाई खुर्चीवर बसल्या होत्या. वह्या खिडकीत गेल्या होत्या. बसल्यावर शेवटचा चेहरा दिसत नाही, म्हणून त्यांनी रांगाच मोडून टाकल्या होत्या आणि पोरांना अर्धगोलात बसवलं होतं. कोणी शेवटचं उरलंच नव्हतं. सगळी आल्यावर त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांना सावकाश नमस्कार केला. पोरं गांगरली.

"यह कोष्ठक के बाहर वाला नमस्ते है," बाई त्यांच्या खणखणीत मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाल्या. "रोज एक बार होगा. इसके बाद मेरा पैर हिलेगा, वह तुम लोगों का अपमान नहीं है. समझ में आया?"

समजलं कोणालाच नसावं, पण सगळ्यांनी "हाँ बाईजी" म्हणून उलट हात जोडले. बाईंनी बटण दाबलं. पाऊल उडायला लागलं. पोरं आधी खुसखुसली, मग खदखदून हसली, मग बाईही हसल्या. आणि हसणं थांबल्यावर बाई म्हणाल्या, "तेरह का पहाड़ा. पैर के साथ."

तेरा एकम तेरा पायाच्या ठोक्यावर सुरू झालं. चौथीतली ती मुलगी मध्येच ओरडली, "बाईजी, थोड़ा धीरे! जे पैर तो रुक ही नहीं रओ!"

"पैर नहीं रुकेगा," बाई म्हणाल्या. "तुम मत रुको."

दाना ओलीतून येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची. एक म्हातारी खुर्चीवर बसून पायाने ठेका धरते आहे आणि पोरं त्यावर पाढे म्हणताहेत. काहींना वाटायचं की बाईंनी गाण्याची शिकवणी सुरू केली. दूधवाला आला की त्याच्याकडे बघून बाई नुसतं म्हणायच्या, "तुम भी अंदर हो." तो गोंधळून पायरीवरून आत यायचा.

नवरात्रात जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. कोजागिरीला ती मुगाच्या डाळीएवढी उरली. मी रोज पट्टी सोडताना श्वास धरायची आणि बाई विचारायच्या, "किती उरली?" मी मोजपट्टी लावून सांगायची. त्या वहीत लिहून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मला पुन्हा मोजायला लावायच्या. वसुबारसेच्या चार दिवस आधी मोजायला काही उरलं नाही.

मुलगा धनत्रयोदशीला सकाळी आला. ओसरीवर बॅग ठेवली आणि आईसमोर जमिनीवर बसला. बाईंनी पाय पुढे केला नाही. त्यानेच टाच तळहातावर घेतली आणि मांडीवर ठेवली. मी पट्टी सोडली. नवी कातडी पातळ होती, कांद्याच्या सालीसारखी, पण होती.

"ताळा करून बघ," बाई म्हणाल्या.

त्याने अंगठ्याने हलकेच भोवती दाबून पाहिलं. मग नाक ओढलं आणि म्हणाला, "आई, चार दिवस तरी येशील ना माझ्याकडे?"

"मे महिन्यात येईन. पोरांना सुट्टी असते तेव्हा," बाई म्हणाल्या. घर बंद करण्याचा विषय तिथेच संपला.

मोजे कायम घालावे लागणार होते आणि मॉनिटरही रोज तासभर चालू ठेवायचा होता. असल्या जखमा पुन्हा उघडतात. मी पाय खाली घेतला, यंत्र चिकटवलं, बटण दाबलं. पाऊल उडायला लागलं. चार महिने तो पाय मी रोज हातात घेत होते, तरी एकदाही वाकले नव्हते. बाईंनी टेबलाआड जावं अशी वेळ आणायची नव्हती. त्या दिवशी मला राहवलं नाही. मी वाकले.

बाईंचा पाय सवयीने मागे ओढला गेला. मी डोळे मिटून घेतले. मग तो पाय सावकाश पुढे आला आणि तिथेच थांबला. माझं कपाळ पावलावर टेकलं आणि पाऊल उडून कपाळाला लागलं. पुन्हा लागलं. बाईंचा हात खाली आला, पाय लागला म्हणून नमस्कार करायला आला, आणि तसाच माझ्या डोक्यावर राहिला.

मी ठोके मोजायला लागले. सात-आठपर्यंत नीट मोजले. मग माझा आकडा चुकला, आणि बाईंनी मला तो पुन्हा मोजायला लावला नाही.